टॉवेलाखालचा माणूस

गिस्लेन : हे रेखाटन जाळायचं असेल तर तूच जाळ, अर्सेन. बहिणीच्या हातून करवून घेऊ नकोस.

अर्सेन : मी जाळलंच होतं. याच शेगडीत टाकलं होतं.

गिस्लेन : टाकलंस आणि ब्रुसेल्सची गाडी गाठायला पळालास. आईने चिमट्याने बाहेर काढलं. हा एवढा कोपरा करपलाय. आई गेल्यावर माझ्या कपाटात, चादरींखाली.

अर्सेन : आणि आता म्युझियमच्या बाईंना बोलावून बसलीस. मला न विचारता!

गिस्लेन : विचारलं असतं तर आला असतास? कॉफी घे, निवतेय.

अर्सेन : अगं, तुला कळतंय का? 'झाकलेला घोडा' मला स्वप्नात दिसला, असं जन्मभर सांगत आलोय मी. आधी रेखाटन नाही, काही नाही. उठलो आणि रंगवला. आमच्या चित्रकार मंडळींचा सगळा तोराच त्यावर होता, चित्र थेट स्वप्नातून येतं यावर. लोकांनी पुस्तकं लिहिली.

गिस्लेन : वाचलीत मी. एकाने लिहिलंय, तो घोडा म्हणजे तुझी बायको. बिचारी अनेत! आणि वाफ म्हणजे म्हणे वासना. आपल्या स्वयंपाकघरातली नीलगिरीची वाफ ती!

अर्सेन : हसू नकोस.

गिस्लेन : हसत नाहीये. मध्यंतरी गेले होते बघायला. शाळेची पोरं त्या घोड्यासमोर खिदळत होती. ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, ते आमचे बाबा आहेत. छातीत कोळशाची धूळ बसलीय, म्हणून डोक्यावरून टॉवेल घेऊन पातेल्यावर वाकलेत. श्वास घेताहेत नुसता.

अर्सेन : बाहेर कळता कामा नये, हे त्यांचंच म्हणणं होतं ना? मुकादमाला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. म्हणून रंगवताना माणूस वगळून घोडा घातला.

गिस्लेन : पण घोडाच का?

अर्सेन : ठरवलं नव्हतं. टॉवेलाची टोकं काढता काढता कानांसारखी वर आली. हे बघ, इथे रेघ दोनदा गिरवलीय. बाबा खाणीतले घोडे सांभाळायचे. वर्षानुवर्षं अंधारात राहिलेला घोडा वर आणताना त्याच्या डोळ्यांवर कापड टाकायचे, उजेड सोसवत नाही म्हणून. हात आपोआप तिकडे वळला. पुढे जे जे रंगवलं, त्या सगळ्यात कुठे ना कुठे कापड आहेच. सगळं या एका कागदातून आलंय, गिस्लेन.

गिस्लेन : आणि नेमका हाच कागद लपवायचा! खाण बंद पडून वीस वर्षं झाली. बाबांना जाऊन त्याहून जास्त. आता त्यांना कामावरून कोण काढणार आहे?

(अर्सेन कागदाचा करपलेला कोपरा बोटाने चाचपतो.)

अर्सेन : त्यांनी पाहिलं होतं हे?

गिस्लेन : पाहिलं ना. म्हणाले, "पोराने पाठ बरोबर काढलीय. अशीच दुखते." नंतरही अधूनमधून बघायला मागून घ्यायचे.

अर्सेन : मला कधी बोलले नाहीत.

गिस्लेन : तुला कोण बोलणार रे! तू स्वप्नं बघणारा माणूस. थांब, घंटा वाजली. या, मादाम सेर्वे, आत या. हा माझा भाऊ.

सेर्वे : यांना कोण ओळखत नाही? नमस्कार. आणि हे... हेच का ते? अहो, पण मग ते स्वप्न?

अर्सेन : स्वप्नबिप्न काही नव्हतं. तसं लिहा खुशाल. घेऊन जा हे.

सेर्वे : घोड्याच्या शेजारीच लावते. खाली 'झाकलेल्या घोड्यासाठी केलेलं रेखाटन', असं लिहू ना?

अर्सेन : नको. 'बाबा' एवढंच लिहा.

सेर्वे : पण हे त्या चित्रासाठी काढलं होतं, हे लोकांना कळायला नको का?

अर्सेन : चित्रासाठी नव्हतं काढलं, मादाम. बाबांना दम लागला होता, आणि मला दुसरं काही करता येत नव्हतं.