टाळूवरचे तेल

देवासच्या दवाखान्यात मालन दुखरा गुडघा धरून बसली होती. पुढचा नंबर तिचाच होता. मागच्या बाकावर सासू-सुना होत्या आणि सुनेच्या मांडीवर तीन महिन्यांचे बाळ होते. त्यांचे बोलणे मालनच्या कानांवर पडत होते.

"आत्याबाई, याच्या डोक्यात खड्डा पडलाय. तुम्ही रोज तेल दाबता ना, हड्डी टूटली असेल."

"शिवांगी, टाळूवर हाड नसतंच गं अजून. डोक्याची हाडं सुटी असतात, सावकाश जुळतात. तुझ्या नवऱ्याचीही टाळू मीच भरली. काय बिघडलं त्याचं?"

"बिघडलं नाही कसं? माझं एक ऐकत नाहीत!"

"घे, तोंड मात्र चालतंय."

"डर लागतोय म्हणून बोलतेय. रोज तिथे धडधडतं, आज नुसतं आत गेलंय."

"बघू. रात्री पुन्हा जुलाब झाले?"

"रातभर. दूधही घेत नाही."

"आणि लंगोट?"

"सुबहपासून सूखाच आहे. आत्ता रडला, तर आंसूपण नाही आले."

"अगं, अंगातलं पाणी आटलंय त्याच्या! मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही म्हणाल, सुनेला मूल सांभाळता येत नाही."

"सकाळी टाळू भरली, तर तेल ओघळलंच नाही. वाटीत साचावं तसं तिथेच साचलं. मीही बोलले नाही."

"का, आत्याबाई?"

"तू म्हणशील, म्हातारीने दाबलं."

"मालनबाई!" आतून कंपाउंडरने पुकारा केला.

"भिया, आधी आमचं…" सासू त्याला विनवत धडपडत उठली.

मालनने लंगडत जाऊन दार सताड उघडून धरले.

"ऊठ पोरी, धाव!"