फिनलंडात गायला देतात!

…आणि तरी त्या माणसाला गायला देतात! नाही, तुम्हीच सांगा, हा न्याय झाला? तुम्हाला सांगतो, मिरजोळ्याच्या रावजीबुवांचं भांडण फिनलंडशी नव्हतंच मुळी. फिनलंड खाडीच्या अलीकडे आहे की पलीकडे हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. भांडण एवढंच, की त्या फिनलंडवाल्याचा घसा बुवांच्या घशापेक्षा दसपट फाटलेला… आणि त्याला गायला देतात! आणि बुवांना? बुवांना भजनी मंडळानं हातात टाळ देऊन मागं बसवलं!

आता बुवांचा घसा गेला कसा? खेडला डबलबारी होती. म्हणजे दोन भजनी बुवा समोरासमोर, एकानं गाण्यातून टोमणा मारायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच तो परत करायचा. समोरचा बुवा चढला, रावजीबुवा त्याच्या वर चढले, तो आणखी वर, हे आणखी वर, वर, वर, वर… आणि तिथं कुठंतरी ‘कट्ट’ झालं, आवाज वरच राहिला आणि बुवा एकटेच खाली आले! तेव्हापासून तोंड उघडलं की घाटात यष्टीनं गिअर बदलल्यासारखं वाटायचं. फोनवर ‘हॅलो’ म्हटलं की समोरचा ‘राँग नंबर’ म्हणून मोकळा! ज्येष्ठमध झालं, हळद झाली, रत्नागिरीच्या डॉक्टरांनी ‘घशात गाठ आहे’ म्हणून सांगून झालं, शेवटी बायको, मथुराकाकू, हात जोडून म्हणाल्या, “अवो, तुमी बोलूच नका. हातान् दाखवा काय हवाय ता.”

आणि मंडळाचे अध्यक्ष भिकाजीशेठ! गोड माणूस, गुळासारखा गोड, आणि तसाच चिकट. “बुवा, तुमचा मान हाय तितंच हाय हां. फक्त तुमी जरा… मागं बसा.” म्हणजे मान पुढं आणि बुवा मागं! पेटी गेली मंडळातल्या तरण्या विनीतकडं. विनीतचा आवाज असा गुळगुळीत की कानात शिरला कधी नि बाहेर पडला कधी, पत्ता लागत नाही. त्याचा तानपुरा मोबाइलमध्ये, तबला मोबाइलमध्ये, मला तर वाटतं भक्तीसुद्धा मोबाइलमध्येच असावी! आणि मागं रावजीबुवा… जन्मभर ज्यांनी गजर उचलला तो माणूस भिंतीला टेकून नुसते ओठ हलवायचा हो. आवाज न काढता. का? तर देवाला वाटू नये की रावजी आला नाही.

तर एका रविवारी बुवा ओटीवर पेपर वाचत बसलेत आणि स्वयंपाकघरातून आवाज आला… “घ्रॉऽऽव!” बुवा दचकले. पुन्हा… “घ्रॉऽऽऽव!” बुवांनी आधी स्वतःचाच घसा चाचपला, म्हटलं, आपण तर काही बोललो नाही! आत जाऊन बघतात तर लेक, निशिगंधा, एमआयडीसीत मासळीच्या कारखान्यात लॅबमध्ये कामाला, शिकलेली, शहाणी मुलगी, स्पीकर लावून भाकऱ्या थापतेय, आणि काय थापतेय! धपाधप धपाधप, भाकरी कडेनं गोल, मधे गोल, एक तव्यावर, एक हातात, आणि मान नुसती वर-खाली, वर-खाली!

“निशे! ह्यो कोण आजारी हाय?”

“आजारी नाही बाबा, गातोय. फिनलंडचं फोक मेटल आहे.”

“फोक म्हंजे?”

“लोकसंगीत.”

“आनि मेटल?”

“धातू.”

बुवा विचारात पडले. लोकसंगीत आणि धातू… “म्हंजे टाळ! अगो बाय, मग ह्या भजनच की!”

निशिगंधाची भाकरी हातात राहिली. पण तुम्हाला सांगतो, बुवांचं काही चुकलं का? तिनं व्हिडिओ दाखवला. दाढ्या बेंबीपर्यंत, केस कमरेपर्यंत, अंगावर कातडी, तोंडाला काजळ, सगळे एका लयीत डोकी घुसळताहेत, खाली हजारो माणसं दोन-दोन बोटं वर करून नाचताहेत. मथुराकाकूंनी नुसतं डोकावलं आणि म्हणाल्या, “ह्यांच्या आयशींनी ह्यांका कधी त्याल लावलान नाय वाटता!” पण बुवांचं लक्ष भलतीकडेच! कडेला एक गडी उभा होता, आणि त्याच्या गळ्यात… “पेटी! निशे, पेटी बघ! गळ्यात अडकवलीय! उभ्यानं वाजवतोय!” जन्मभर मांडी घालून पेटी वाजवल्यानं ज्याचे गुडघे गेलेत ना, त्या माणसाला विचारा त्या दृश्याची किंमत! आणि चाल? चाल अशी की गणपतीत जाखडी नाचताना पायातले चाळ उचलतात ना, अगदी तश्शी! मधे पाटावरवंटा पालथा घातल्यासारखी गिटारं, पण खाली चाल आपली, ठसक्याची!

“आनि ह्यो बोलतो काय?”

“जंगलात राक्षस आहे, थंडी खूप आहे, म्हणून सगळे पितात आणि आगीभोवती नाचतात.”

“म्हंजे शिमगा!”

झालं! त्या दिवसापासून बुवा मोबाइल सोडीनात. सकाळी दात घासताना फिनलंड, आंब्यांना खत घालताना फिनलंड. शेजारच्या बाबल्यानं कुंपणावरून विचारलं, “बुवा, जनरेटर घेतलाव काय?” आणि एके दिवशी बुवा तो मोबाइल घेऊन तडक भिकाजीशेठच्या दुकानात. “ऐक! घसा बघ ह्याचा! आनि ह्याला गायला देतात! लोकं तिकीट काढून ऐकतात! आनि मला?”

भिकाजीशेठनी डोळे मिटून ऐकलं. अगदी शेवटपर्यंत. मग मोबाइल परत देत म्हणाले, “फिनलंडात देत असतील, बुवा. मिरजोळ्यात नाय देत.”

बुवा घरी आले, जेवले नाहीत. निशिगंधा जवळ येऊन बसली. म्हणाली, “बाबा, ती माणसं घशातून ओरडत नाहीत. पोटातून काढतात आवाज, घसा सैल सोडून. मी बघून बघून शिकलेय थोडं.” आणि त्या मुलीनं, लग्नाला स्थळं बघताहेत हो तिच्या, परसात उभं राहून असा आवाज काढलान् की माडावरचे कावळे उडाले! दुसऱ्या दिवसापासून बापलेक रोज परसात… ती “घ्रॉऽव”, हे “घ्रॉऽव”… आणि मथुराकाकू पुढच्या दारी, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगताहेत, “काय नाय, म्हशीक बघूक डाक्टर इलेत!” म्हैस कुठाय? म्हैस नाहीच!

आणि मग गणपतीत देवळात भजन. माणसं दाटीवाटीनं बसलेली, विनीत पेटीवर, त्याचा मोबाइल स्पीकरला जोडलेला, “आऽऽ” लावतोय… आणि लाइट गेली! माइक गेला, स्पीकर गेला, आणि वर पत्र्यावर पाऊस असा कोसळायला लागला की विनीतचं तोंड उघडलेलं दिसतंय, पण आवाज त्याचा त्यालासुद्धा ऐकू येईना! लोक छत्र्या शोधायला लागले. आणि मागून, भिंतीपासून…

“विठ्ठऽऽल! घ्रॉऽऽव विठ्ठऽऽल!”

तुम्हाला सांगतो, पाऊस दबला! पहिल्या रांगेतली चार पोरं रडायला लागली, बाकीची उभी राहिली! मृदंगवाल्या बाबूला काय कळलं देव जाणे, त्यानं जाखडीचा ठेका धरला, बुवा पुढं आले, विनीतच्या पुढ्यातली पेटी उचलली, उपरण्यानं गळ्यात बांधायला गेले, ती काही बसेना, मग दोघांनी दोन बाजूंनी धरली आणि बुवा उभ्यानं वाजवताहेत! बायकांत निशिगंधानं केस सोडले आणि मान घुसळायला लागली. “अगो केस बांध! पाव्हणे बघतायत!” मथुराकाकू ओरडताहेत, पण त्यांचाही हात टाळीवर! आणि भिकाजीशेठ? भिकाजीशेठ दोन बोटं वर करून नाचत होते हो! विचारलं तर म्हणाले, “परसाकडं जायचा होता.”

कुणीतरी शूटिंग केलं, ते मुंबईला गेलं. चाकरमान्यांचे फोन, ‘बुवांचं ते राक्षसी भजन कधी हाय? तशी रजा टाकतो.’ जी पोरं देवळाकडे फिरकत नव्हती ती टाळ मागायला लागली. विनीत टाळ घेऊन मागं बसला, बुवा पुढं! गावागावातून सुपाऱ्या, पार तिकडं खेडपर्यंत नाव. बुवा छाती काढून सांगायचे, “आता मिरजोळ्यातपन गायला देतात!”

आणि असं सगळं सुरळीत असताना… एका सकाळी बुवा आंघोळीला बसले, अंगावर तांब्या ओतला आणि सहज तोंडातून ‘सा’ निघाला. स्वच्छ! मधासारखा! बुवांनी झटकन तोंडावर हात ठेवला. दार नीट लावलंय का बघितलं. पुन्हा हळूच… ‘साऽऽ’. मग ‘घ्रॉऽव’ करून बघितलं, तर तेही गोड! डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या. कशानं ते मला विचारू नका, मीही त्यांना विचारलं नाही.

रत्नागिरीला घशाच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी आत नळी घालून बघितलं आणि टाळी वाजवली. “कमाल आहे! गाठ विरघळली, बुवा! घशावरचा ताण गेला म्हणून असेल. आवाज अगदी पहिल्यासारखा झालाय!”

बुवांनी खुर्ची पुढं ओढली. मग घसा खाकरून म्हणाले, “डॉक्टर… ती गाठ परत होऊ शकते काय?”

डॉक्टर पाठीवर थाप मारून म्हणाले, “छे छे! बिनधास्त राहा. मी आहे ना!”