दारात आलेली पत्रिका

मंडळी, भजनाला डोळे मिटायच्या आधी एक सांगा. दारात पहारेकरी बसवला, म्हणजे घर सुखरूप का? ते मागचे काका मान हलवतायत, हो म्हणून! बरं काका, ऐका तर!

ओगलेवाडीला शालन नावाची एक सून. नवरा दिगंबर छातीच्या आजारानं गेला, तेव्हा लेक रेवा पाळण्यात. पण जायच्या आधी त्यानं काय केलं? घरातल्या कॉम्प्युटरपुढं बसला आणि लेकीसाठी अंगाई गाऊन ठेवली! गळा कसला, फुटका रांजण! मधेच खोकला. पण रेवा मोठी झाली ती त्याच आवाजावर. दुपारी कॉम्प्युटर लावल्याशिवाय डोळा मिटायची नाही.

म्हणून शालननं त्यात अँटिव्हायरस घातला. अँटिव्हायरस म्हणजे काय हो? आतला पहारेकरी! चोर फाइल दिसली, की ओरडतो. सासूबाई, म्हणजे आक्का, दसऱ्याला त्यालाही झेंडू वाहायच्या. आता व्हायरस काय झेंडूला भितो? — हसा, हसून घ्या. पुढं हसू यायचं नाही.

एके दिवशी नणंदेच्या नावानं मेल आला. 'लग्नपत्रिका. उघडून पाहा.' शालन उघडायला गेली, तर पडदा लाल! 'धोका! उघडू नका!'

"आक्का, हा नको म्हणतोय."

"हा कोण? अगं, आपल्या विजूच्या पोराचं लग्न! दारात आलेली पत्रिका परत फिरवतात का? देवापुढं ठेवतात!"

"विजूताईंना फोन करून विचारू?"

"काय विचारशील? 'तुमची पत्रिका खरी का?' लेकीच्या सासरी मला तोंड दाखवायला जागा ठेव गं बाई!"

शालननं पहारेकऱ्याला गप्प केलं. आक्कांनी पडद्याला कुंकवाचं बोट लावलं. पत्रिका उघडली — आत ना नवरा, ना नवरी! एकेका फाइलीला कुलूप बसत गेलं. फोटोंना बसलं. अंगाईला बसलं. किल्ली चोराकडे! विजूताईचं नुसतं नाव पांघरलं होतं त्यानं. चोर कधी चोराच्या वेषात येतो का हो?

दुरुस्तीवाल्यानं विचारलं, "वहिनी, दुसरीकडे कुठं उतरवून ठेवलंय?"

नव्हतं ठेवलं.

गल्लीत वाद पेटला. एक म्हणे, "थोतांड आहे सगळं! अँटिव्हायरस असून घर लुटलंच ना?" दुसरा म्हणे, "अहो, तो ओरडला होता की!" मंडळी, दोघंही अर्धे खरे. नवा चोर पहारेकऱ्याच्या नजरेतून सुटतोही. पण ओळखलेला चोर आपणच ओवाळून घरात घेतला, तर त्यानं करावं काय?

दुपार झाली. रेवा म्हणाली, "आई, बाबा लाव ना."

शालननं तिला मांडीवर घेतलं आणि स्वतःच गायला लागली. ओळ अर्ध्यावर आली, तशी पोर उठून बसली.

"असं नाही! इथं बाबा खोकतात."

सांगा, त्या माऊलीनं काय करावं?

ती खोकली.

दाराआड आक्कांनी तोंडात पदर कोंबला. रेवा झोपली.

मंडळी, पहारेकरी ठेवा. जरूर ठेवा! पण तो ओरडला, तर पत्रिका असो की प्रसाद, थांबा! माणसाला फोन करून विचारा. रुसलेल्या पाहुण्याची समजूत काढता येते हो... गेलेल्याला पुन्हा गायला कसं सांगणार? ज्याला जोड नाही, तो आवाज आज घरी गेल्या गेल्या आणखी एका जागी उतरवून ठेवा.

आता टाळ उचला. पण हळू वाजवा — कुणाचं तरी लेकरू झोपलंय.