प्रार्थनाघर पुन्हा उघडले त्या सकाळच्या मारहाणीबाबत

जबाब देणारी: अटकेत असलेल्या बाईंची सून, वय एक्केचाळीस वर्षे, व्यवसाय चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणे, राहणार प्रार्थनाघराच्या मागची गल्ली, दुसरा मजला, जिन्यासमोरचे घर.

मी समक्ष पोलीस ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती व सासूबाई असे एकत्र राहतो. पती मालवाहू गाडी चालवतात. सासरेही आमच्यातच होते. ते साथीच्या दुसऱ्या हिवाळ्यात वारले. ज्यांच्या डोक्याला मार लागला ते प्रार्थनाघराचे प्रमुख आहेत. त्यांना आम्ही सगळे मोठे काका म्हणतो. माझे लग्न त्यांनीच लावले.

सासूबाईंचे वय बहात्तर आहे. लग्न होऊन आल्यापासून त्यांचा आवाज चढलेला मी ऐकलेला नाही. माझ्या हातून दूध उतू गेले तरी त्या ‘गेलं ते गेलं’ म्हणून फडके घेत. रोज सकाळी प्रार्थनाघरात जायचा त्यांचा नेम होता. बायकांच्या रांगेत पहिला सूर त्यांचा असे. सासरे घड्याळे दुरुस्त करत. त्यांचा देवावर विश्वास नव्हता. परंतु सासूबाईंना पोचवायला ते रोज जात आणि प्रार्थना संपेपर्यंत बाहेर पायरीवर पेपर वाचत बसत. ‘तिचा देव आत, माझा पेपर बाहेर, म्हणून आमचा संसार टिकला,’ असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्यांनी तो उंबरा कधी ओलांडला नाही. आमचे लग्न लागले तेव्हाही ते दारातूनच पाहत होते. मीही सासऱ्यांच्याच पक्षातली.

साथ आल्यावर प्रार्थनाघर बंद झाले व प्रार्थना फोनवर सुरू झाली. सासूबाई आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, फोन साखरेच्या डब्याला टेकवून समोर बसत. चपला खोलीबाहेर काढत. सासरे म्हणाले, ‘आता देवालाही चार्जिंगला लावावं लागतं.’ एकदा ते बनियनवर मागून गेले ते सगळ्यांना दिसले, तेव्हा मोठे काका प्रार्थना थांबवून पोट धरून हसले होते. त्या काळात मोठे काका एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना स्वतः फोन करत, त्यांची औषधे दाराशी ठेवून येत. हे मी मुद्दाम सांगते, कारण ते खरे आहे.

पुढे फोनवरची माणसे कमी होत गेली. कोणी कॅमेरा बंद करून भाजी चिरत बसे, कोणी येईनासेच झाले. मोठे काका बोलता बोलता थांबत आणि ‘आहे का कोणी?’ असे विचारत. नंतर, बंदी असतानाच, त्यांनी निरोप पाठवला की ज्यांची श्रद्धा पक्की आहे त्यांनी मागच्या दाराने यावे, पडदे लावून हळू आवाजात प्रार्थना होईल. मी सासूबाईंना अडवले. मी म्हणाले, ‘आई, देवाला फोनवरचं ऐकू येत नाही का?’ त्या म्हणाल्या, ‘त्याला येतं गं. मला येत नाही.’ आणि त्या निघाल्या.

रस्ते ओस पडलेले असल्याने सासरे त्यांच्या सोबत गेले. पायरीवर बसले तर गस्तीच्या गाडीला संशय येईल, म्हणून मोठ्या काकांनी त्यांना आत बसायला सांगितले. अशा रीतीने सासरे पहिल्यांदा आत गेले व मागच्या खांबाला टेकून बसले. घरी आल्यावर मी थट्टेने विचारले, ‘काय बाबा, दिसला का देव?’ ते म्हणाले, ‘अंधार होता, सूनबाई. पण तुझ्या सासूचा आवाज आतून काय लागतो! मी मेला इतकी वर्षं भिंतीतून ऐकत होतो.’ त्यानंतर ते प्रत्येक वेळी आत बसले. ते लपून जात होते म्हणून मी अडवले नाही, असे नाही. ते सांगूनच जात होते.

आधी सासऱ्यांना ताप आला, मग सासूबाईंना. सासूबाई घरीच बऱ्या झाल्या. सासऱ्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. भेटू देत नव्हते. माझे पती गाडीसह परगावी अडकले होते. शेवटी तिथल्या नर्सने व्हिडिओ कॉल लावून दिला. सासरे सासूबाईंना म्हणाले, ‘ते सकाळचं म्हण ना.’ सासूबाई फोन दोन्ही हातांत धरून बसल्या. तोंड उघडले, पण आवाज फुटला नाही. सासरे वाट पाहत होते. नर्सच्या हाताला रग लागली असावी, चित्र हलायला लागले होते. म्हणून मी म्हटले. ती प्रार्थना मला पाठ आहे हे मला तेव्हाच कळले. मध्ये एका ठिकाणी चुकले. सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले होते. अंत्यविधी पालिकेच्या माणसांनी केला. आम्ही दोघी फाटकाबाहेर उभ्या होतो.

त्यानंतर सासूबाईंनी प्रार्थना म्हटली नाही. प्रार्थनेच्या वेळी फोन वाजला की त्या तो पालथा घालत. मोठ्या काकांचा एकदा फोन आला तो मी घेतला. ते म्हणाले, ‘ते आपले सभासद नव्हते, तरी मी त्यांच्यासाठी म्हटलं, असं वहिनींना सांग.’ मी तसे सांगितले. सासूबाई ‘बरं’ म्हणाल्या व भाजी निवडत राहिल्या. मी मात्र तेव्हापासून दुकानात काचा घासायचे यंत्र सुरू करण्याआधी ती प्रार्थना मनात म्हणते. हे घरात कोणाला माहीत नाही. इथे विचारले म्हणून सांगितले.

घटनेच्या दिवशी रविवार होता. बंदी उठून प्रार्थनाघर पुन्हा उघडणार होते. मी विचारले नसताना सासूबाई म्हणाल्या, ‘मीपण येते.’ मला व माझ्या पतींना बरे वाटले. पतींनी त्यांच्या चपला पुसून दिल्या. आम्ही तिघे सकाळी नऊच्या सुमारास पोचलो. खिडक्या उघड्या होत्या, ताज्या रंगाचा वास येत होता. लोक अंतर ठेवून बसले होते आणि लांबूनच एकमेकांना हात करत होते. बरेच जण रडत होते. मलाही भरून आले होते.

प्रार्थनेआधी मोठे काका माइकवर बोलले. त्यांचे बोलणे मला आठवते ते असे: ‘आपण पडदे लावून बसलो, पण देवानं आपल्याला झाकलं. त्या दिवसांत जे या छपराखाली आले त्यांच्यातलं एकही माणूस गेलं नाही. एकही नाही. गेले ते उंबऱ्याबाहेरचे.’ लोकांनी माना डोलावल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी हात जोडले.

तेव्हा सासूबाई उठल्या. त्या पहिला सूर धरायला उठल्या असे सगळ्यांना वाटले. मोठ्या काकांनाही तसेच वाटले असावे. ते हसून बाजूला झाले आणि माइक त्यांच्या उंचीला खाली करून दिला. सासूबाई म्हणाल्या, ‘हे आत होते.’ मग थांबल्या. मग म्हणाल्या, ‘त्या खांबापाशी. आत.’ मोठे काका हळूच म्हणाले, परंतु माइक चालू असल्याने सगळ्यांना ऐकू गेले, ‘वहिनी, ते आपल्यातले नव्हते. बसा आता.’

त्यावर सासूबाईंनी माइकचा लोखंडी स्टँड दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या डोक्यात घातला. एकदाच. मार कानाच्या वर बसला. ते टेबलाच्या कोपऱ्यावर आदळून खाली पडले. स्पीकरमधून धाडकन आवाज झाला आणि नंतर नुसती शिट्टी वाजत राहिली. मी माझा चष्मा काढला, ओढणीने पुसला आणि परत घातला. असे मी का केले ते सांगता येत नाही. परत पाहिले तेव्हा सासूबाई तो स्टँड जागेवर उभा करत होत्या. तो डुगडुगत होता, म्हणून त्यांनी पायाने त्याचा तळ नीट सरळ केला. नंतर सासरे बसत त्या खांबाशी जाऊन त्या बसल्या. पोलीस येईपर्यंत तिथेच होत्या. माझे पती त्यांच्यासमोर उकिडवे बसून ‘आई, आई’ एवढेच म्हणत होते.

मी मोठ्या काकांच्या डोक्याला ओढणी दाबून धरली. ते शुद्धीत होते. ‘वहिनी होत्या का त्या?’ असे त्यांनी मला विचारले. मी हो म्हणाले. त्यांनी पुन्हा तेच विचारले. त्यांना टाके पडले असून त्या कानाने पुन्हा ऐकू येईल की नाही हे डॉक्टरांना सांगता येत नाही, असे मला आज समजले.

सासूबाईंना कोणी चिथावले काय, असे विचारले असता सांगते की नाही. त्यांचे मोठ्या काकांशी पूर्वीचे वैर नव्हते. उलट घरात त्यांच्याइतका मान कोणाला नव्हता.

बंदीच्या काळात मागचे दार कोण उघडत असे, असे विचारले असता सांगते की, माझ्या सासूबाई. सगळ्यांच्या आधी जाऊन आतून कडी काढायचे काम त्यांचे होते. हे सांगायला मला त्यांनीच सांगितले आहे.

जबाबापूर्वी माझ्या पतींनी मला सांगितले होते की, आईचं डोकं ठिकाणावर नव्हतं असं सांग. ते म्हणाले, ‘यात खोटं काय आहे? ठिकाणावर असतं तर आपली आई असं करेल का?’ वकिलांचेही तेच म्हणणे होते, आणि मलाही ते पटले होते. परंतु आज मी सासूबाईंना स्वेटर व रक्तदाबाच्या गोळ्या द्यायला गेले. महिला शिपाई हजर होत्या. सासूबाई मला म्हणाल्या, ‘मला वेडी ठरवून सोडवू नकोस.’

मी म्हणाले, ‘आई, तुरुंगात जाल.’

त्या म्हणाल्या, ‘जाईन. ह्यांना मी आत नेलं, ते शुद्धीत नेलं. काकांना मारलं, तेही शुद्धीत मारलं. एकाला वेड म्हटलंस की दुसऱ्यालाही म्हणावं लागेल. मग ह्यांच्या जाण्याचं उत्तर कोणी द्यायचं?’

त्यानंतर त्यांनी मला जेवलीस का म्हणून विचारले.

माझा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. त्यात सासूबाईंनी ‘भान हरपून’ स्टँड उचलला असे लिहिले होते. ते शब्द मी सांगितले नव्हते. मी ते खोडायला सांगितले. हवालदार म्हणाले, ‘ताई, तुमच्याच भल्याचं आहे, राहू द्या.’ मी म्हणाले, खोडा. ते शब्द खोडून त्या जागी माझी सही घेतली आहे. आता यात जे आहे ते माझेच आहे आणि खरे आहे.