बापूनं हीटर कशासाठी बदलला

बसा, बसा. कुणी उठू नका. गुरुजी, माईक ऱ्हाऊ द्या हितंच. बोलणाऱ्यांत माझं नाव न्हाई, मला ठावं हाय. बायामाणसांनी शोकसभेत बोलायचं नसतं, तेबी ठावं हाय. पर मघाधरनं हितं जे चाललंय ते ऐकून माझं डोस्कं फिरलंय, आन् बोलल्याबिगर मी काय खाली बसायची न्हाई.

मंडळी, माझ्या भावासाठी तुमी लांबलांबनं आलात. पाटणातनं आलात, कराडातनं आलात. तुमाला रामराम. मगाशी दोनदा उठले आन् दोनदा खाली बसले. लोकांना वाटलं, आक्काला रडू आलं. रडू आलं न्हवतं. राग आला व्हता.

ज्यांना मी म्हाईत न्हाई त्यांना सांगते. आमी तिघं भावंडं. थोरले हे आण्णा, आज अध्यक्ष म्हणून मधल्या खुर्चीत बसल्यात. मधली मी, नवरा गेल्यावर माहेरीच ऱ्हायले, गावच्या खालच्या अंगाला माझं घर हाय. आन् धाकटा बापू. फौजेत मोटारी दुरुस्त करायचा, सुभेदार व्हऊन पेन्शनीवर घरी आला. त्यो बापू गेल्या आठवड्यात ओट्यावर तोंड धुता धुता कोसळला. डॉक्टर आला, म्हणाला काळीज बंद पडलं. संपलं. एवढीच गोष्ट.

आन् आज हितं काय ऐकलं मी? सरपंच म्हणालं, "बापू शौकीन माणूस." दुसरं कोण म्हणालं, "हौसंला मोल न्हाई." सगळ्यांनी हसून हसून सांगितलं, ती दोन शिटांची विलायती गाडी, त्यो म्हातारपणी बायकोला घेऊन फिरणारा सुभेदार. आन् शेवटी आण्णा उठलं. आमचा सख्खा थोरला भाऊ. त्येंनी डोळं पुसलं आन् म्हणालं, "त्या गाडीनं माझा भाऊ खाल्ला."

आण्णा, गाडी माझ्या गोठ्यात व्हती. बापू तुमच्या ओट्यावर पडला. गाडीनं कसा खाल्ला त्येला? आँ? भिताडं वलांडून आली का ती?

गाडी माझ्या गोठ्यात का व्हती, तेबी सांगते. आण्णांनी त्येला अंगणात जागा दिली न्हाई. "असलं नाटक माझ्या दारात नको" म्हणालं. बापूनं ती पाचगणीच्या एका म्हाताऱ्या बाईकडनं भंगारात घेतली व्हती. गंजलेली. वरचा कापडी टप फाटलेला. इतकी बुटकी की बसायचं म्हंजे पाटावर बसल्यागत. गाव हसलं. मीबी हसले, खोटं कशाला बोलू? म्हणलं, "बापू, हिच्यापेक्षा म्हस घेतली असतीस तर दूध तरी दिलं असतं." त्यो म्हणाला, "आक्के, म्हस मिरजंला जाती का?"

आता ऐका, मिरजंचं काय व्हतं ते.

बापूची बायको सुमन. माझी भावजय. तिला संधिवात हाय. तुमच्या गुडघ्यात पावसाळ्यात चमक निघती तसला न्हवं. सकाळी उठली की हाताची मूठ मिटत न्हाई. पदर खोचता येत न्हाई. मनगटं लिंबावाणी सुजत्यात. मिरजंच्या डॉक्टरनं सांगितलं, हिला दर आठवड्याला सुई. सोन्याची सुई म्हणत्यात तिला, त्या औषधात खरंच सोनं असतंय. बापू तिला म्हणायचा, "गळ्यात घालाय जमलं न्हाई, आता अंगात घालतो." आन् डॉक्टरनं हेबी सांगितलं व्हतं, मधी खाडा करू नका, केलेलं पाण्यात जाईल.

तर दर सोमवारी पाटण सोडायचं, कराड, इस्लामपूर, आष्टा, सांगली, मिरज. यष्टीनं दोनदा न्हेली. यष्टीची पायरी तिला चढवंना. कंडक्टर वरडतोय, मागनं लोक ढकलत्यात, आन् खिडकीला काच न्हाई. आपल्या कोयनेच्या खोऱ्यातली माघातली पहाट काय असती ते तुमाला सांगाय नको. कराड येईस्तवर तिचे हात लाकूड. बापूनं ते बघितलं आन् त्या गाडीला हात घातला. आता कळलं का शौक?

गाडी चालू झाली, पळाय लागली. तिच्यात एक हीटर व्हता. म्हंजे इंजनाचं गरम पाणी दोन नळ्यांनी आत येतंय, पायाशी एका डब्यात एक बारकी जाळी असती, पाणी तिच्यातनं फिरतंय आन् मागनं पंखा वारा घालतोय. गरम वारा आत. ती जाळी सडलेली. पयल्याच खेपेला गळाय लागली. सुमनच्या पायावर कढत पाणी, आन् पुढची काच आतनं धुरकटली, बापूला रस्ता दिसंना. इस्लामपुरात थांबून पदरानं काच पुसत गेली दोघं.

स्टँडवरच्या मिस्त्र्याला दावलं. त्यो म्हणाला, "सुभेदार, दोन नळ्या एकमेकीला जोडून टाकू, हीटर देऊ फेकून. आपल्याकडं समदी तसंच करत्यात. साताऱ्यात कुणाला पायजे हीटर?" मिस्त्री वाईट माणूस न्हवं. ते बसल्यात बघा तितं मागं. पर हे वाक्य मंग गावभर झालं. चावडीवर, गुऱ्हाळावर. "सुभेदाराला थंडी वाजती! सुभेदाराला हीटर पायजे!" पोरं वरडायची त्येच्या मागं. शिकवणारं कोण व्हतं? तुमीच की! आपलं ठेवायचं झाकून आन् दुसऱ्याचं बघायचं वाकून.

बापूनं एकालाबी सांगितलं न्हाई की हीटर बायकोच्या हातासाठी हाय. मी म्हणलं, सांग की. त्यो म्हणाला, "तिचं दुखणं चावडीवर कशाला न्यायचं? हसू देत मला."

मंग माझ्या गोठ्यात गाडी उघडली त्येनं. स्टेरिंगमागचा, वेग दावणाऱ्या काट्यांचा फळा काढला. वायरी लोंबत्यात, नट माझ्या मिसळणाच्या डब्यात, नळ्या माझ्या पापडाच्या बाजेवर. मी शिव्या घालतीय, त्यो हसतोय. त्यो डबा काढता काढता त्येचे हात सोलून निघालं. आतली जाळी हातात घेतली तर भुगा झाला. कथलाचा डाग लावून बघितला, शेजारी फुटली. तितं लावला, तिसरीकडं फुटली. नवी मिळायची न्हाई, विलायतंतनं कोण धाडतंय?

मंग ती घेऊन त्यो कराडला तांबटाकडं गेला. न्हाणीचे बंब करणारा तांबट. त्येनं उलटीपालटी केली आन् म्हणाला, "हे तर बंबाचं बारकं भावंड हाय." तांब्याच्या नळ्या, पितळंच्या टोप्या, समदं नव्यानं घडवून दिलं. माझ्या घंगाळात पाणी भरून त्यात ती जाळी बुडवली. एका नळीवर बापूचा अंगठा, दुसरीतनं मी फुंकायची. बुडबुडा आला की परत डाग. गाल दुखाय लागले माझे. शेवटाला बुडबुडा यायचा थांबला.

बसवताना बापूचा पंजा आत जाईना. फौजी पंजा त्यो. नट आत, मागं, आडचणीत. त्येनं शिव्या घातल्या, मी घातल्या. सुमन उंबऱ्यावर बसली व्हती. ती म्हणाली, "मी बघू का?" तिचा हात वाळल्याला, बारीक. गेला आत. बोटं तर वाकडी. एक आटा फिरवायची, थांबायची, कण्हायची, परत एक आटा. मी म्हणलं, ऱ्हाऊ दे गं. ती म्हणाली, "न्हाई वन्सं, हे मीच आवळते." आवळला. तिनं आवळला त्यो नट. ह्या गावात कुणाला म्हाईत हाय हे?

पयल्यांदा चालू केली तर गार वारा. तिघांचीबी तोंडं उतरली. मंग बापू म्हणाला, आत हवा अडकली. वरची नळी ढिली केली, फस्सकन हवा गेली, परत आवळली. आन् मंडळी, गरम वारा आला. सुमननं दोनी हात म्होरं केले. बराच येळ तशीच बसली. मंग तिनं मूठ मिटली. मला दावली. "वन्सं, मिटली बघा."

त्या दिशी मी रडले व्हते. आज न्हाई.

आता जे कुणालाच म्हाईत न्हाई ते सांगते. कराडचा पूल वलांडला की बापू गाडी बाजूला घ्यायचा आन् दोघं जागा बदलायची. तितनं मिरजंपतोर गाडी सुमन चालवायची.

का? कुजबुज कशाची? हसलं कोण तिकडं? उभं ऱ्हा की, बघू तरी तोंड.

व्हय, सुमन चालवायची. साताऱ्याला जाऊन परवाना काढलाय तिनं, कुणाच्या बापाची चोरी न्हाई. बापूनं शिकवली. डॉक्टर म्हणाला व्हता, बोटं चालती ठेवा. आन् बापू तिला म्हणाला, माझ्यासमोर म्हणाला, "सुमे, मी पुढं गेलो तर तुला मिरजंला कोण न्हेणार? आण्णा? गाव? तुझं तूच जायला पायजे." गावाला तुमच्यापरास त्यो जास्त वळखून व्हता.

बापू, तुझाबी राग हाय मला. लय राग हाय. दर सोमवारी दवाखान्याच्या पायरीवर बसून ऱ्हायचास. मिरजंत, जितं दहा घरांमागं एक डॉक्टर! छातीत कळ येत व्हती तर आत जाऊन दावायची न्हाई? बायकोची सुई चुकू दिली न्हाईस, आन् सवताची नाडी दावली न्हाईस. असलं कसलं शहाणपण रं तुझं? वर भेट, मंग सांगते तुला.

आता आण्णा, तुमच्याकडं येते. नणंद असून भावजयीची बाजू घेती, असं म्हणाल. म्हणा. तिच्या सुजल्या मनगटावर बांगड्या फोडल्या तुमच्या घरातल्यांनी. ती वरडली, तर म्हणालं, नवऱ्यासाठी रडती. तिला मनगट दुखत व्हतं, आण्णा! नवऱ्यासाठी ती रात्री रडली, माझ्या कुशीत, कुणाला ऐकू न देता.

तुमी ठरवलंय, वरीसभर तिनं उंबरा वलांडायचा न्हाई. कोपऱ्यात बसायचं. मी बसलेय त्या कोपऱ्यात. तुमीच बसवली व्हती. तितं बसून काय व्हतंय ते मला इचारा. मला दुखणं न्हवतं, तरी मी वाळून कोळ झाले. हिचं काय व्हईल? गेल्या सोमवारची सुई चुकली. काल तिला भाकरी मोडता आली न्हाई. मी मोडून दिली. लहान पोराला देतात तशी.

तुमी म्हणता, "पाटणच्या वैद्याचा काढा आणू." आणा, तुमी प्या. आन् गाडी फलटणच्या बागायतदाराला द्यायची बोलीबी झाली म्हणं, वरातीत मिरवायला. आयत्या बिळावर नागोबा! भावानं हात सोलून घेतले, बायकोनं वाकड्या बोटांनी नट आवळला, आन् तुमी तिच्यात नवरदेव बसवणार?

गाडी अपशकुनी हाय म्हणता. तर मंग फलटणवाल्याच्या गळ्यात का मारता?

मी सांगते काय व्हणार ते. येत्या सोमवारी गाडी मिरजंला जाणार. सुमन चालवणार. दुसरी शीट माझी. पांढऱ्या कपाळाच्या दोन बाया विलायती गाडीत बसून पाटणच्या बाजारपेठंतनं जाणार. ज्याला हसायचंय त्यानं रस्त्याच्या कडंला उभं ऱ्हाऊन हसावं. बापूनं हसू दिलं तुमाला. मी न्हाई देणार. थांबून उतरीन आन् नाव घेऊन बोलीन, सांगून ठेवते.

फकस्त एक आडतंय. बापू गेला त्या दिशी तुमी माझ्या गोठ्यात येऊन गाडीला कुलूप घातलंत. किल्ली तुमच्या जाकिटाच्या आतल्या खिशात हाय. आत्ता. तुमचा हात तितंच गेला बघा.

मी काय ती हिसकावून घ्यायची न्हाई. तुमी थोरलं हायसा. आई गेली तवा मला आन् बापूला तुमी सांभाळलंत, ते मी ईसरले न्हाई. म्हणून तर चार लोकांत मागतीय, मागच्या दारानं न्हाई.

गुरुजी, शेवटाला दोन मिनिटांचं मौन हाय न्हवं? ते आत्ता घेऊ. पर दोन मिनिटांचं न्हाई. मंडळी, तुमी बापूच्या मागं लय बोललासा, लय हसलासा. आता जरा गप ऱ्हावा. समद्यांनी उभं ऱ्हायचं, टोप्या काढायच्या, खाली बघायचं, आन् आण्णा ती किल्ली ह्या टेबलावर ठेवत न्हाईत तवर कुणी बसायचं न्हाई. सुमन तितं बायांत बसलीय. तिला उठायला येळ लागंल. तिला हात देऊ नका कुणी, ती उठंल.

उठा. आण्णा, तुमीबी.