मनकर्णाबाईंची अर्धवट दाढ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष राधाकृष्णराव, आपल्या रुग्णालयातून बदलून निघालेल्या दातांच्या डॉक्टर पंकजाताई, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी आणि समोर बसलेल्या शेवगावकर बंधू-भगिनींनो,

मी हनुमंत, ऊसतोड मुकादम. माझं लक्ष सारखं दाराकडे जातंय, राग मानू नका. बाहेर साखर कारखान्याकडे निघालेला टोळीचा ट्रक उभा आहे. हा हॉर्न ऐकलात ना? आमचाच.

ताईंचं कौतुक मी काय करणार? त्यापेक्षा माझी चूक सांगतो. गेल्या साली टोळीतल्या मनकर्णाबाईंची दाढ किडली. ताईंनी रूट कॅनॉल सुरू केलं. दाढ उघडली, आतली सडलेली नस काढली, औषध घालून वरून कच्चं सिमेंट भरलं. म्हणाल्या, "आठ दिवसांनी या. मुळातल्या नळ्या साफ करून पक्क्या भरायच्यात. दुखायचं थांबेल, पण फसू नका."

दुसऱ्याच दिवशी थांबलं की हो! मी इचारलं, "बाई, दुखतंय का?"

"न्हाई, मुकादम."

"मग बसा की गाडीत!"

आमच्याकडे असंच. दुखणं गेलं की आजार गेला.

तीन आठवड्यांनी फडात ते सिमेंट उडालं, मुळाशी पू झाला. गाल सुजून डोळा मिटला, तरी बाई मोळ्या बांधत होत्या, आणि मी गाडी भरायची घाई करत होतो. शेवटी दाढ काढावीच लागली. वाचणारी दाढ माझ्यापायी गेली. लाज वाटते सांगायला.

यंदा दुसऱ्या बाजूची दाढ. तिच्यातही कच्चं सिमेंटच आहे. पुढचं काम आज व्हायचं होतं. पण आज आपण ताईंना इथं बसवून हार घालतोय, आणि संध्याकाळी त्या निघणार. नवे डॉक्टर कधी येणार, आहे कुणाला ठाऊक? बाई तिसऱ्या रांगेत बसल्यात. मघाशी मला म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मुकादम, आता दुखत न्हाई." तेच शब्द!

अरे अंगद, ट्रकचा हॉर्न बंद कर रे!

तर अध्यक्ष महाराज, शाल-नारळ तासभर मागं ठेवा. ताई, आत्ताच दवाखान्यात चला. गाडी माझी हाय, ती हलणार न्हाई. मग दाढेवर ती पक्की टोपी, कॅप म्हणता ती, बसवायला तुमच्या नव्या गावी बाईंना मी स्वतः घेऊन येईन, हा सगळ्यांदेखत शब्द.

ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. गेल्या सालची चूक मात्र घालू नका.

मनकर्णाबाई, उठा.