पुढचं गाणं

— नाही नाही, हात नका लावू अजून, बसा आधी. त्या डावीकडच्या स्टुलावर — हां, तिथंच. डीजेचं मशीन आहे, कुठं पळून जात नाही. चालू आहे, सगळे दिवे लागतायत, एक बटण जरा हट्टी आहे, ते दोनदा दाबावं लागतं, बाकी ठणठणीत. पण विकायचं की नाही हे अजून ठरायचंय — म्हणजे जाहिरात मीच दिली, फोनवर ‘या, बघून जा’ असं मीच म्हणालो, सगळं कबूल — लेकीचा लकडा आहे हो मागे, बाबा ती खोली सोडा, माझ्याकडे राहायला या, आणि तिच्याकडे हे धूड ठेवायला जागा नाही. तिचंही बरोबर आहे. मी म्हटलं, ठीक आहे, पण घ्यायला जो कुणी येईल त्याला आधी एक सेट ऐकवायचा, सलग सगळी गाणी, पुरता, मगच काय ते ठरवायचं. म्हणून बसा. घाई नाही ना? असली तरी सांगू नका, आता आलाच आहात तर.

हे वाजतंय ना, हे पहिलं. हळू वाटतंय? हळूच हवं. नवशिके इथंच तोंडावर पडतात — लोक आत्ता कुठं दारातून आत येतायत, कुणी ओळखीचं तोंड शोधतंय, कुणी पोराचं नाक पुसतंय, आणि हे लावून मोकळे होतात आपलं सगळ्यात दणदणीत गाणं. कोण नाचणार? पोटात अन्न नाही, दिवे लख्ख, जो तो दुसऱ्याच्या कपड्यांकडे बघतोय. गेलं की नाही गाणं वाया? तेच गाणं पुन्हा लावता येत नाही, लोक म्हणतात याच्याकडचं संपलं वाटतं. हातचं राखून ठेवायचं असतं. पहिली गाणी अशी हवीत की ती वाजत असताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. मग एक बाई असते — मावशी असते, नाहीतर आत्या, असतेच प्रत्येक घरात — ती हातात ताट घेऊन उभ्या उभ्या डोलायला लागते. तिला धरायचं. तरुण पोरांकडे बघायचंच नाही, ती स्वतःलाच बघत नाचतात. आत्या उतरली की भाच्या उतरतात, आणि भाच्या उतरल्या की ती पोरं येतात झक मारत.

आता ऐका, ऐका — हे संपत आलं, आणि याच्या पोटात दुसरं कधीच सुरू झालंय. कळलं? नाही ना कळलं? तेच तर. दोघांचा ठेका जुळवून घ्यायचा, एकाचा वेग जरा ओढायचा, दुसऱ्याचा जरा सोडायचा, सूर एकमेकांशी भांडत नाहीत ना बघायचं, आणि मग अलगद सरकवायचं. मधे पोकळी राहता कामा नये, पोकळी राहिली की माणसाला आठवतं आपले पाय दुखतायत. आणि दोन-तीन जोरदार झाली की एक दमानं घ्यायचं, घाम पुसू द्यायचा लोकांना. रडकं गाणं लावायचंच असेल तर फ्लोअर गच्च भरलेला असताना लावायचं, रिकाम्या फ्लोअरवर नाही — गर्दीत डोळे भरून आले तर माणसाला बरं वाटतं, एकट्याला नाही वाटत बरं.

काय? पुढचं कोणतं हे कसं कळतं म्हणता? अनुभव. अनुभवच, दुसरं काय — माणसं वाचता यावी लागतात. मला सगळे तेच म्हणायचे, तुम्हाला माणसं वाचता येतात बुवा. एक दातांचे डॉक्टर होते, मुलीच्या लग्नात मला स्वतःची आवड सांगत होते, हे लावा, ते लावा, मी मान हलवत राहिलो आणि लावलं माझंच — शेवटी गृहस्थ कोट खांद्यावर टाकून विहिणीबरोबर नाचत होते. तर असं. चहा टाकू का? नको? राहू दे मग.

आं? तुमच्या पायांकडे? नाही, तुमच्या पायांकडे कशाला बघू मी — हो. बघतोय. लपवून काय करू. तुम्ही वाईट नका वाटून घेऊ, सवय आहे ती. त्या स्टुलावर आमची ही बसायची. प्रत्येक कार्यक्रमाला. माझ्या डावीकडे, मोठ्या स्पीकरच्या आड, लोकांना दिसायचीही नाही. गाण्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, हातात काहीतरी विणकाम घेऊन बसायची, चपला काढून. आणि हा छोटा स्पीकर दिसतोय? सगळे डीजे पुढचं गाणं आधी हेडफोनमध्ये ऐकतात. मी नाही. मी ते ह्याच्यावर लावायचो, बारीक आवाजात, तोंड तिच्याकडे करून. ती मान खाली घालून टाके मोजत असायची, पण तिच्या पायाचा अंगठा — तिला स्वतःला पत्ताही नसायचा — अंगठा हलला की तेच गाणं बाहेर सोडायचं. नाही हलला की दुसरं. बस. एवढंच. माणसं वाचणं वगैरे काही नाही. आत्याबित्या सगळं नंतर बनवलेलं, कुणी विचारलं तर सांगायला.

तिला नाही सांगितलं कधी. सांगितलं असतं तर अंगठा अवघडला असता. तिला वाटायचं, ह्यांना एकटं वाटतं म्हणून मला नेतात — बहिणीला तसं सांगायचीसुद्धा, आमच्या ह्यांना माझ्याशिवाय करमत नाही — आणि मी मनात हसायचो, म्हणायचो, कसलं एकटं, मला अंगठा हवाय. आता वाटतं तिचंच बरोबर होतं. फार वाटतं हो.

ती गेल्यावर एक कार्यक्रम केला. कुणाच्या तरी लग्नाचा वाढदिवस. सगळं नियमानं केलं, हळू लावलं, ठेके जुळवले, एकदाही पोकळी राहिली नाही — आणि लोक एकेक करून खुर्च्यांकडे परत. मी प्रत्येक गाण्याला डावीकडे बघत होतो. स्टुलावर माझीच पिशवी. यजमान भले माणूस, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, थकला असाल, जेवून घ्या आता. त्यानंतर जो बोलावील त्याला तब्येतीचं कारण सांगतो.

म्हणून आज तुम्हाला बसवलं. मशीन तपासायला नाही, मला तपासायला. फोनवर तुमचा आवाज ऐकला, मागे लहान मूल ओरडत होतं, तुम्ही त्याला दटावलं आणि लगेच हसलात — त्यावरून निवडली ही सगळी गाणी, कुणाला न विचारता, सकाळपासून मांडतोय. ठरवलं होतं, ह्यातल्या एकावर जरी तुमचा पाय हलला तर अजून जमतं आपल्याला. मग मशीन इथंच राहील, मीही इथंच राहीन, लेकीला सांगेन नाही येत. नाही हलला तर तुमचं. तुम्ही इतका वेळ पाय जोडून शहाण्यासारखे बसलायत. आता हे शेवटचं आहे. बोलू नका. ह्यात थोडं पुढे गेल्यावर ढोलकी येते, तिथं —

बघा. हलला. उजवा. हलला ना, मी बघितला —

अच्छा. उठताय. त्यासाठी हलला होय.

हो, खाली टेम्पो थांबलाय, आल्या आल्याच म्हणाला होतात तुम्ही. नाही हो, राग कसला. न्या. ठरलं होतं तसंच. फक्त वायर ओढू नका, थांबा, गाणं चालू आहे. आवाज असा मधेच तोडायचा नसतो, माणसं दचकतात. हळूहळू खाली आणायचा. असा. अजून जरा.

झालं. न्या आता.